होडीवाल्याचं टेबल

आमच्या कंपनीत काय बनतं ते रत्नागिरीत धड कोणाला सांगता येत नाही. स्टँडवर रिक्षा करा आणि कंपनीचं पाटीवरचं इंग्रजी नाव सांगा, रिक्षावाला नुसता तोंडाकडे बघत राहील. 'होडीवाल्या अण्णांकडे' म्हणा, मुकाट एमआयडीसीत गेटपाशी आणून सोडेल. वास्तविक आमच्याकडे होडी बनून युगं लोटली. कॅन्सरच्या पेशंटला किरणं देतात तेव्हा तो ज्या टेबलावर निजतो, त्या टेबलाचा वरचा भाग आम्ही बनवतो. लांबलचक, काळाभोर, हाताला गुळगुळीत. दोघांनी सहज उचलावा इतका हलका हवा, आणि वर चांगला भरभक्कम माणूस निजला तरी वाकता नये. आत धातूचा कण नको, कारण किरण कधी वरून येतो तसा खालूनही येतो, आणि टेबलातून आरपार जाऊन त्याला पेशंटच्या गाठीपर्यंत पोचायचं असतं. हे मी आता घडाघडा सांगते. कामाला लागले तेव्हा मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

अण्णा म्हणजे वासुदेव भाटकर. जाऊन त्यांना आता दोन पावसाळे होतील. ऑफिसात त्यांचा फोटो लावलाय, तो कोटातला. मुलाच्या लग्नात जबरदस्तीने चढवलेला कोट आहे तो, आणि त्यात अण्णा असे दिसतात की जणू कोणी त्यांना पोलीस चौकीत बसवून ठेवलंय. मी हेमंतला, म्हणजे त्यांच्या मुलाला, कितीदा सांगितलं की हा फोटो काढ. बनियन आणि हाफपँटीतला लाव, तो खरा माणूस. पण बाहेरचे पाहुणे येतात, बरं दिसत नाही म्हणतो. बरं दिसण्याची अण्णांना कधी पर्वा नव्हती, हे त्याला कोण सांगणार.

अण्णा मूळचे बुरोंडीचे. वडील आणि आजा लाकडी होड्या बांधणारे. लाकूड महाग झालं तसे अण्णा फायबरकडे वळले आणि रत्नागिरीत भाट्याच्या खाडीलगत पत्र्याची शेड टाकून फायबरच्या होड्या बनवायला लागले. मी तिथे पत्रं टाईप करायला म्हणून गेले, सकाळचे दोन तास. अण्णांनी पहिल्याच दिवशी माझं टेबल बोटाच्या पेराने ठोकून बघितलं आणि म्हणाले, "पोकळ हाय गो बाय. जपून टेक."

ही त्यांची सवय. जे दिसेल ते ठोकून बघायचं. होडीच्या अंगावर टकटक करत टोकापासून टोकापर्यंत जायचे, कुठे आवाज बदलला की थांबायचे, खडूने फुली मारायची. म्हणजे तिथे आत हवा राहिलेय, फोडून परत करा. ते होडीपुरतं ठीक होतं. पण लोकांच्या घरी जाऊन दारं ठोकायचे. भाजीवालीकडे दुधी ठोकायचे. एकदा बँकेत कर्जासाठी गेलो, मी बरोबर होते, तर मॅनेजरसाहेब आत येईपर्यंत ह्यांनी त्यांचं ते मोठं चकचकीत टेबल ठोकून पाहिलं, आणि साहेब खुर्चीत बसतात न बसतात तोच म्हणाले, "साहेब, तुम्हाला फसवलान. वरची पट्टी तेवढी सागाची हाय." मी खाली मान घालून पर्समध्ये रुमाल शोधत होते. कर्ज मिळालं, ते कसं मिळालं देव जाणे.

आणि ह्या असल्या माणसाच्या शेडमध्ये एके दिवशी फडके मॅडम आल्या.

फडके मॅडम डॉक्टर नव्हेत. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात किरणं कुठून, किती, कशी द्यायची याचा हिशोब करणाऱ्या त्या शास्त्रज्ञ. माहेर रत्नागिरीचं. मे महिन्यात माहेरी आल्या होत्या, खाडीवर फिरायला म्हणून निघाल्या आणि शेडच्या दारात थबकल्या. उलट्या ठेवलेल्या होडीवरून हात फिरवत राहिल्या. अण्णांना वाटलं, बाई होडी घेत्येय. बाईंनी विचारलं, अशीच सपाट फळी बनवता येईल का? इस्पितळातली परदेशी फळी तडकलेय, नवी यायला कितीतरी महिने लागतील, तोवर मशीन अडून बसलंय. बारीक हवी, हलकी हवी, माणूस निजला तर वाकता नये आणि एकही खिळा नको.

"वर माणूस निजणार ना?" अण्णा म्हणाले. "मग होडीपेक्षा वेगळा काय?"

काय वेगळं ते पुढची दोन वर्षं त्यांना कळत होतं. पहिली फळी त्यांनी बांधली ती अशी दणकट की शेडमधले सगळे गडी वर उभे राहिले तरी ढिम्म. मॅडमनी तपासून सांगितलं, इतक्या जाडीतून किरण अर्धवटच जातो. दुसरी बारीक केली तर वाकली. मग काळ्या कार्बनच्या कापडाचे दोन पातळ पापुद्रे आणि मध्ये हलका फोम, हे मॅडमनी सांगितलं आणि अण्णांनी जमवलं. जमलं तेव्हा अण्णा खूश झाले, आणि खुशीत त्यांनी काय करावं? फळीला निळा रंग दिला, कडेने पांढरा पट्टा, आणि पुढे होडीला लिहितात तशा वळणदार अक्षरांत इस्पितळाचं नाव, दोन्ही बाजूंना कमळ. मॅडमचा फोन आला, की अण्णा, रंगात काय काय असतं ते आम्हाला ठाऊक नसतं, रंग नको. अण्णा दोन दिवस माझ्याशीसुद्धा बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, उघडीनागडी पाठवायची काय वस्तू लोकांच्या घरी? पण रंग खरवडला. खरवडताना फळीला चरा गेला, म्हणून नवी बनवली. मॅडमचं ते कधी नाकारत नसत, फक्त रुसून मग करत.

ती फळी लागली आणि नावाजली गेली. एका इस्पितळातून दुसऱ्यात नाव गेलं, पत्रं यायला लागली, माझे दोन तासांचे आठ झाले. होड्या कमी कमी होत गेल्या. पण अण्णांच्या डोक्यातलं कॅलेंडर होडीचंच राहिलं. पावसाळ्यात फायबरचं काम करायचं नाही, हवेत ओल असते, थर नीट चिकटत नाहीत, हा त्यांचा आजन्म नियम. तो होड्यांना चालायचा, कारण पावसात कोण होडी समुद्रात घालतो? आषाढ लागला की अण्णा शेडला कुलूप लावून बुरोंडीला जायचे ते नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन परत यायचे. ऐन जुलैत इस्पितळांचे फोन यायचे, टेबल कधी देता, आणि मी त्यांना सांगायचे, नारळी पौर्णिमेनंतर. दिल्लीकडच्या माणसाला नारळी पौर्णिमा समजावून सांगणं म्हणजे काय असतं ते मलाच ठाऊक.

शेवटी मॅडमनीच बुरोंडीला फोन लावला. मला अण्णांनी नंतर सांगितलं ते असं. मॅडम चिडल्या वगैरे नाहीत. एवढंच म्हणाल्या की अण्णा, लोकांचं दुखणं काय पावसाळ्यात थांबतं? अण्णा तसेच एसटीत बसले आणि आले. छत्रीसुद्धा विसरून आले. त्याच वर्षी एमआयडीसीत जागा घेतली, हवा कोरडी ठेवणारी बंद खोली बांधली, आणि हेमंतला पुण्याची नोकरी सोडून बोलावून घेतलं. शिवणक्लासच्या बायका कामाला ठेवल्या, कारण कार्बनचं कापड एक सुरकुती न पडता अंथरायला कपड्याची जाण असलेला हात लागतो, हे अण्णांनी पुरुष गड्यांना शिव्या घालून घालून ओळखलं होतं. बायकांना मात्र एक चकार वावगा शब्द नाही. डोळे मिटून कापडावरून तळवा फिरवायचे, सुरकुती लागली की "हितं बघ गो माझे बाय" म्हणायचे आणि बाजूला व्हायचे.

त्यांचा तो तळवा मी जवळून पाहिलाय. खरबरीत, भेगाळलेला, नखांत कायमचा काळा चिकट राळेचा थर. घासलेट लावून धुतलं तरी जायचा नाही. जेवायला बसले की वहिनी, म्हणजे अण्णांच्या बायको, म्हणायच्या, चमच्याने जेवा. ते काही चमच्याने जेवले नाहीत.

आता ते सांगायला हवं, ज्याच्यावरून आमच्या कंपनीचं आणि अण्णांचं सगळंच पालटलं.

हेमंत आल्यापासून कंपनीने मान वर काढली होती. परदेशातली एक मोठी मशीन बनवणारी कंपनी होती, तिचं नाव नको. त्यांच्या मशीनवरची टेबलं कायमची आमच्याकडून घ्यायची, असं त्यांच्याशी बोलणं चाललं होतं. हेमंत त्या बोलण्यापायी आंधळा झाला होता, घरी जेवायलासुद्धा जात नसे. नवी इमारत अर्धी उभी राहिली होती ती त्या भरवशावर, आणि बायकांनी मुलांच्या शाळांच्या फिया भरल्या होत्या त्याही त्या भरवशावर. त्यांची माणसं तपासणीला यायची होती आणि आम्ही भिंतींना रंग देत होतो.

तेवढ्यात दुपारी जेवणाच्या सुट्टीत फडके मॅडमचा फोन. मी उचलला. अण्णांना द्या म्हणाल्या, आवाज वेगळाच. अण्णांचा हात भाताने भरलेला, म्हणून मीच फोन स्पीकरवर टाकून समोर धरला. मॅडम म्हणाल्या, एका बाईंच्या पायाच्या हाडाला गाठ आहे, त्यांना उलटं निजवून पाय टेबलाच्या डोक्याकडे घेता येत नव्हते, म्हणून आज टेबलाचं पायाकडचं टोक वापरलं. उपचाराआधी चित्र काढतात ते काढलं, तर टेबलाच्या आत, पायाकडे, काहीतरी गोल दिसतंय. धातूचं. चित्रभर त्याचे फरांटे उठलेत.

"अण्णा, काय आहे ते?"

अण्णांनी ताटातला हात झटकला आणि म्हणाले, "तांब्याचा पैसा हाय. मी घातलाय."

बुरोंडीकडे होडी बांधतात तेव्हा तळाचं लाकूड बंद करायच्या आधी बांधणारा तिथे तांब्याचं नाणं ठेवतो, हळद-कुंकू लावून. का, तर जो या होडीत बसून जाईल तो परत यावा. कोणाला सांगायचं नसतं, बघू द्यायचं नसतं, मालकालासुद्धा नाही. अण्णांच्या आज्याने घातलं, बापाने घातलं, फायबरच्या होड्या आल्या तरी अण्णांनी घातलं. आणि टेबलं बनवायला लागले तेव्हा त्यांच्या मनात आलं, होडीतला माणूस निदान पोहायला शिकलेला असतो, या फळीवर निजणारा तर पार हतबल. त्याला नको का? फोम बसवायच्या वेळी सगळ्यांना चहाला पाठवायचे आणि पायाच्या टोकाशी फोम कोरून नाणं आत सारायचे. मॅडमनी धातू नको म्हणून शंभरदा बजावलं होतं ते त्यांना समजलं नव्हतं असं नाही. त्यांनी आपलं डोकं चालवलं होतं. किरण छातीत, पोटात, मानेत देतात. पायाकडे कशाला जातोय? इस्पितळवाले तपासणी करत तीही डोक्याकडची आणि मधली. म्हणून इतकी वर्षं निभावलं. पायाला गाठ झालेल्या माणसालाही निजवावं लागतं, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

मला इतका संताप आला की काही विचारू नका. इतकं शिकवलं त्या बाईने, इतकं खरवडायला लावलं, आणि ह्या माणसाने गुपचूप नाणी घातली. मी तोंडावर म्हटलं, अण्णा, तुम्ही देव घातलात की दगड? त्यांनी उरलेला भात तसाच झाकून ठेवला.

हेमंत आला. त्याने ऐकलं आणि भिंतीला टेकून उभा राहिला. पहिला प्रश्न विचारला, किती टेबलांत? अण्णा म्हणाले, "सगळ्यांत."

हेमंत माणूस वाईट नाही, हे मी आजही सांगेन. पण तपासणीला आठवडा राहिला होता आणि नवी इमारत त्याला खिडकीतून दिसत होती. तो म्हणाला की मॅडम आपल्याच आहेत, त्यांचं टेबल उद्याच बदलून देऊ. बाकी इस्पितळांना कळवू की नवीन मॉडेल आलंय, जुनं फुकट बदलून देतो. दोन-चार महिन्यांत सगळी परत येतील, कोणाला काही कळायचं कारण नाही. परदेशी मंडळींची सही तेवढी होऊन जाऊ दे. खरं सांगते, मलाही ते त्या क्षणी शहाणपणाचं वाटलं.

अण्णा म्हणाले, "आणि तोवर त्यावर निजतील ती माणसा?"



अण्णांनी मला इस्पितळांचे नंबर काढायला लावले आणि माझ्या त्या पोकळ टेबलाशी बसून एकेक फोन स्वतः केला. हेमंत म्हणाला मी बोलतो, मला इंग्रजी येतं. अण्णांनी त्याला हाताने गप्प केलं. त्यांचं हिंदी म्हणजे बंदरावरचं. "हम वासुदेव भाटकर बोलता, रत्नागिरी से. हमने आपके टेबल में पैसा डाला है." पलीकडच्या माणसाला वाटलं हा लाच देतोय की काय, त्याने फोनच ठेवला. मग मी पुढच्या वेळी आधी बोलून घेतलं आणि मग त्यांच्या हातात दिला. कुठे, काय, का, सगळं सांगायचे. पायाकडची बाजू आजपासून वापरू नका, आम्ही टेबल बदलून देतो. कोणी हसलं. एका डॉक्टरांनी त्यांना अशा शब्दांत झोडलं की ऐकवेना, आणि अण्णा दर वाक्याला "बरोबर हाय साहेब" म्हणत होते. चूक त्यांचीच होती, हे मलाही कळत होतं. तरी त्या डॉक्टरांना दोन शब्द सुनवावेसे वाटले, ते मी कसेबसे गिळले.

सगळीकडून विचारून घेतलं, पायाकडच्या टोकावर कोणाचे उपचार झालेत का? कुठेच झाले नव्हते. शेवटचं उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलं. ते ऐकून अण्णा उठले, मोरीत गेले आणि तोंड धुऊन आले. बराच वेळ धुतलं.

परदेशी मंडळी आली तेव्हा भिंतींचा रंग वाळला होता, पण अण्णांनी त्यांना खुर्चीत बसूही दिलं नाही. उभ्या उभ्या सांगितलं. हेमंत भाषांतर करत होता. त्यातली एक बाई होती वयस्कर, ती अण्णांच्या हातांकडे बघत होती. त्यांनी सगळी शेड बघितली, बायकांचं काम बघितलं, टेबलं बघितली आणि जाऊन विचार करून कळवलं. काम देतो. अटी अशा: यापुढे प्रत्येक टेबल टोकापासून टोकापर्यंत चित्र काढून तपासायचं. कापड अंथरायच्या खोलीत शिकवून नेमलेल्या माणसांनाच प्रवेश, खिसे रिकामे करून. आणि ज्यांच्या हातून हे झालं त्यांनी त्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही. कामाला हात लावायचा नाही. कधीच.

आता गंमत बघा. ज्या हेमंतला सगळं झाकायचं होतं तोच उसळला. मला नको त्यांचं काम म्हणाला. अण्णांना बाहेर काढून कंपनी कसली चालवायची? आपण आहोत तसे लहानच बरे. कागद त्याने टेबलावर असा आपटला की माझा चहा सांडला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. बापावर इतका जीव आहे हे त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं.

अण्णा कागद पुसत म्हणाले, "सही कर."

"अण्णा, तुम्हाला कळतंय का काय लिहिलंय?"

"कळतंय. त्यांच्या जागेवर मी असतो तर मीपण मला आत सोडला नसता. सही कर, पोरींनी फिया भरल्यान."

हेमंतने सही केली. अण्णांनी त्याच संध्याकाळी अंगावरचा कामाचा सदरा काढून खुंटीला लावला, तो वहिनींनी पुढे कधीतरी धुऊन नेला.

मग कंपनी वाढली. बोलता बोलता वाढली. आता मोठा हॉल आहे, काचेच्या भिंतींच्या खोल्या आहेत, टोप्या आणि मास्क लावून बायका काम करतात, देशाबाहेर माल जातो. फडके मॅडम येऊन सगळ्यांना शिकवून गेल्या. अण्णांवर त्या वर्षभर रागावलेल्या होत्या, नीट रागावलेल्या, आणि मग एका मे महिन्यात माहेरच्या हापूसची पेटी घेऊन आल्या. कोकणातल्या माणसाकडे कोकणातल्या माणसाने आंबे आणायचे म्हणजे भांडण मिटलं समजायचं.

अण्णा रोज यायचे, नऊच्या ठोक्याला. माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि मला काम करू द्यायचे नाहीत. फोन कोणाचा, पत्र कसलं, चहा इतका पांचट का. मी कातावून म्हणायचे, अण्णा, बुरोंडीला जाऊन नारळ मोजा. हसायचे. नव्या बायका कामाला लागल्या की टाकाऊ कापडाचे तुकडे घेऊन त्यांना बाहेरच्या ओट्यावर अंथरायला शिकवायचे, ते चालायचं, कारण ते कुठल्या टेबलात जाणार नव्हतं. पण त्या शिकून आत गेल्या की हे बाहेर. काचेजवळ उभे राहायचे. आत कोणाच्या हाताखाली सुरकुती राहिली तर यांना काचेबाहेरून दिसायची, आणि हात नकळत पुढे यायचा. मग दुसऱ्या हाताने तो धरून पाठीमागे घ्यायचे. हे मी माझ्या जागेवरून बघायचे आणि दर वेळी मान वळवून घ्यायचे.

हळूहळू त्यांच्या नखांतला काळा थर गेला. एक दिवस माझ्यासमोर वर्तमानपत्र धरून बसले होते, आणि बघते तर बोटं गोरीगोमटी, बँकेतल्या कारकुनासारखी. मला ती बघवेनात. मी उठून उगीचच फाईल शोधायला गेले.

त्यानंतर आपल्या इथेच, रत्नागिरीत, किरणांचं मशीन यायचं ठरलं. टेबल अर्थात आमचं. आजवर जी टेबलं गेली ती ट्रकने गेली, कुठे लागली ते आम्ही नकाशात बघायचो. हे पहिलंच असं की गावातल्या गावात टेम्पोने जायचं, कुवारबावच्या बाजारातून, आपल्या माणसांच्या समोरून. आणि त्यावर निजणार तीही आपलीच, ज्यांना आजवर चिपळूण ओलांडून पार मुंबई गाठावी लागायची आणि नातेवाइकांच्या दारात महिना दीड महिना पडून राहावं लागायचं. अण्णांनी ते कळल्यापासून आठवडाभर बडबड करून माझं डोकं उठवलं.

टेबल तयार झालं. चित्र काढून तपासलं, मॅडमनी मुंबईहून ते बघून होकार दिला, लाकडी खोक्यात बंद झालं, खिळे ठोकले. चारचौघांनी उचलून टेम्पोत चढवलं. सगळ्या बायका काम थांबवून फाटकाशी आल्या होत्या. हेमंत म्हणाला, अण्णा, माझ्या गाडीत बसा, आपण मागून जाऊ. अण्णा टेम्पोच्या मागच्या फळीला धरून वर चढायला लागले. या वयात. मी ओरडले की पडाल, निदान पुढे ड्रायव्हरजवळ बसा.

अण्णा वर जाऊन खोक्याला लागून बसले, पाय पसरून, आणि हेमंतला म्हणाले, "खोक्याला हात लावायची मनाई कागदात नाय ना?"

हेमंतने नाही अशी मान हलवली. त्याने स्वतः मागची फळी वर घेऊन कड्या लावल्या, दोनदा ओढून बघितल्या.

त्याच आठवड्यात अण्णा बुरोंडीला गेले आणि तिथेच दुपारच्या झोपेत गेले, त्यामुळे मी त्यांना पाहिलं ते हे शेवटचं. टेम्पो फाटकातून बाहेर पडून उताराला लागला. बायका हात हलवत होत्या, कोणी "अण्णा, अण्णा" करत होती, मीसुद्धा वेड्यासारखी पदर हलवत होते. एरवी रस्त्यातल्या अनोळखी माणसाला हाक मारणारा तो माणूस आमच्याकडे बघत होता, हसत होता, पण उजवा हात खोक्यावर सपाट ठेवलेला होता आणि डावा त्यावर. वळणावर टेम्पो दिसेनासा होईपर्यंत त्यांनी तो उचलला नाही, आम्हाला हात करायलासुद्धा नाही.